साठ घनफुटांचा पाया

२७ फेब्रुवारी १९६६, रविवार

साइटवरच्या साहेबांनी गेल्या सालची कोरी डायरी दिली. साल गेलं म्हणून कागद वाया जातो की काय? तारखा खोडून लिहायला बसलो आहे. सातवी पास माणसाने एवढं तरी करावं.

तारापूरला अणुविजेचं काम चाललं आहे, तिथे मी गाड्या मोजायच्या कामावर आहे. पाठीने दगा दिला आणि होडी सुटली, नाहीतर नवापूरच्या मांगेल्या कोळ्याने जमिनीवर बसून रेघा ओढल्या नसत्या. पण काल जे पाहिलं ते लिहूनच ठेवलं पाहिजे. एका खड्ड्यात सकाळपासून काँक्रीट ओतत होते. खड्डा म्हणजे आमचा अख्खा पाडा होड्यांसकट आत बसेल एवढा. मी चार-चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी अशा मोजत होतो. दुपारी भाकर खाताना लक्षात आलं की मी मोजायचं सोडून नुसता बघत बसलो आहे. दगड वाहत होता. पातळ होऊन वाहत होता, आणि सांगतील तिथे जाऊन थांबत होता. समुद्रापुढे माणसाने काही मोठं केलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं.

घरी सांगितलं तर माझी बायको जमना म्हणाली, "मंग मागच्या छपरीचा पाया बी असाच वता की." बायका कशाला काय जोडतील याचा नेम नाही. पण गोष्ट डोक्यात बसली. सुकी मासळी ठेवायला परसात छपरी बांधायचं कधीचं चाललं आहे.

६ मार्च, होळी

शिरगावहून सुगंधाचा भाऊ नवशा आला होता. सुगंधा म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दादूची बायको. दोन वर्षांपूर्वी चैत्रात दादूची होडी बाहेर गेली आणि वावटळ आली. होडी नाही मिळाली, माणूस नाही मिळाला. मिळाला नाही म्हणून आम्ही दहावाही केला नाही. माणूस कुठे गुजरातच्या बाजूला लागला असेल, कुणी सांगावं. अशी माणसं वर्षांनी परत आलेली आहेत.

नवशा होळीला नारळ घेऊन आला आणि जेवण झाल्यावर मुद्द्याला आला. गेल्या पावसात सुगंधाचे सुके बोंबील घराच्या कोपऱ्यात ओल लागून बुरसले. वर्षभराची मेहनत खाडीत टाकली. "माझ्या बहिनीला सोताची सुकी जागा नाय, सोताचा धंदा नाय. तुमच्या ताटावर किती दिस बसल ती? वैशाख सरेपातूर छपरी हुबी नसली तं मी अवसेला येतो नि तिला नेतो. तिकडं तिचं दुसरं बगू."

मी म्हणालो, पाया तरी घातलेला दिसेल. तो म्हणाला, पाया घातलेला दिसला तरी चालेल, माझा शब्द.

दादू परत आला आणि त्याची बायको घरात नसली तर मी त्याला काय तोंड दाखवू?

१३ मार्च, रविवार

साइटवरून फुटांची टेप आणली आणि मागचं परस मापलं. छपरी बारा फूट लांब, आठ फूट रुंद. भोवती चर खणायचा, त्यात फूटभर जाडीचं काँक्रीट, त्यावर भिंती. काही अवघड नाही.

अवघड आहे तो दादूचा दगड. समुद्राकडच्या कोपऱ्यात नेमका पडला आहे. हा त्याच्या होडीचा जुना नांगर, मध्ये दोरासाठी भोक पाडलेला काळा दगड. होडी गेली त्या साली मुंबईच्या धक्क्यावरून लोखंडी नांगर आणला, तेव्हापासून हा परसात आहे. आमच्या पाड्यात नांगराचा दगड कुणी फेकत नाही, विकत नाही. होडी मोडली तरी दगड दारात राहतो आणि नारळी पौर्णिमेला त्याला हळद लागते.

मी म्हणालो, दोघांनी लोटला तर हलेल. सुगंधा मासळी उलटत होती, ती न वळता म्हणाली, "ऱ्हाऊ दे भावजी." एवढंच. बरं, राहू दे. अख्खी छपरी दोन फूट अलीकडे सरकवली. परसात पपईचं झाड होतं ते गेलं. एका दगडापायी!

ती रोज सकाळी त्या दगडावर तांब्याभर गोडं पाणी ओतते. खाऱ्या हवेने दगड खातो म्हणून असेल. गोडी विहीर अर्ध्या मैलावर आहे, म्हणून मी एकदा बोललो, तर जमनाने असं बघितलं की मी निमूट जेवण आटपलं.

१४ मार्च

आज गणित केलं. इतकं सुंदर गणित मी शाळेतही केलं नव्हतं.

चराची लांबी चारी बाजू मिळून चाळीस फूट. रुंदी दीड. जाडी एक. गुणाकार साठ. म्हणजे साठ घनफूट काँक्रीट. साइटवर कळलं की पायाला एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू, सहा भाग खडी लागते. एकूण भाग दहा. साठ भागिले दहा, सहा. सहा घनफूट सिमेंट. एका गोणीत सव्वा घनफूट. म्हणजे पाच गोणी, वर थोडं उरेल.

मी कागद हातात धरून बघतच राहिलो. अजून एक कुदळ पडलेली नाही आणि मला माहीत आहे की परसात किती दगड वाहणार आहे! साहेब लोक त्या मोठ्या खड्ड्याचं हेच करतात. गुणाकार तोच, फक्त आकडे मोठे.

जमनाला वाचून दाखवलं. ती जवळा निवडत होती. म्हणाली, "धा टोपल्या टाकल्या तं धा टोपल्याच निंगतील?"

"मग काय बारा निघतील?"

"बारा नाय, कमी. सहा टोपल्या पापलेट नि तीन टोपल्या जवळा एका जाग्याला वतला तं नऊ टोपल्या व्हतात का कंदी?"

मी म्हणालो, हे गणित आहे, मासळी बाजार नव्हे. ती हसली आणि सुपात फुंकर मारली. अडाणी माणसाशी वाद घालू नये असं म्हणतात ते खरं.

१९ मार्च, शनिवार

पालघरला जाऊन कचेरीत सिमेंटच्या परवान्याचा अर्ज दिला. एका घराला सहा महिन्यांत एकच परवाना, आणि लिहिलेला आकडा मागून बदलत नाही, असं कारकुनाने दोनदा बजावलं. माझ्यापुढे माकुणसारचे एक गृहस्थ होते, त्यांना विहिरीच्या कठड्यासाठी किती लागेल ते ठाऊक नव्हतं, म्हणाले द्या पंधरा-वीस. मला कीव आली. मी ठणकावून सांगितलं, पाच. अंदाजपंचे नव्हे, हिशेबाने. कारकुनाने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

२४ एप्रिल, रविवार

परवाना मिळाला, पाच गोणी बैलगाडीने घरी आल्या. खाली फळ्या, वर ताडपत्री, जमनाचा खडा पहारा. मासवणहून सूर्या नदीची वाळू आली, बोईसरहून खडी. वाळूची गाडी बघायला अर्धा पाडा जमला. शेजारची तानी तर हसून खालीच बसली. "पुंडलिकदादा, दारात एवढा दर्या नि तुमी वाळू इकत आनता?" साइटवरचा मिस्त्री चंद्रभान सांगतो की समुद्राच्या वाळूत मीठ असतं, पायाला ते चालत नाही. मी हे समजावून सांगितलं. पण मीठ वाईट हे नवापुरात कुणाला पटायचं?

२८ एप्रिल, अष्टमी

जिवल्या आणि त्याची बायको ठमी चर खणायला आली. दोघं डोंगराकडची, हात यंत्रासारखे चालतात. फूटभर खाली गेल्यावर जिवल्याने मूठभर वाळू उचलून दाबली आणि म्हणाला, "दादा, आज भांग हाय म्हून कोरडं हाय. उधानाला आथं पानी येल."

डोंगरातला माणूस मला भांगाची हलकी भरती आणि उधाणाची मोठी भरती शिकवतो! मी हसलो.

४ मे, पौर्णिमा

पाणी आलं. दुपारच्या भरतीला चरात घोटाभर पाणी चढलं, कुणी न ओतता, वाळूतून वर. मी काठावर उभा राहून बघत होतो. समुद्र दोनशे हातांवर आणि माझ्या परसात त्याचं बोट. जन्मभर त्याच्या अंगावर नाचलो, पण तो घराखालीही असतो हे मला माहीत नव्हतं.

जमना म्हणाली, येत्या अष्टमीच्या भांगात ओता. अष्टमी बाराला. पुढचा भांग अवसेनंतर, म्हणजे नवशा येऊन गेल्यावर. बारा तारीख ठरली.

७ मे, शनिवार

साइटवर चोरी चालली आहे!

कँटीनच्या मागे एक लहानसा ओटा घालत होते. मला वाटलं बारा तारखेची उजळणी होईल म्हणून सुट्टीत तिथे उभा राहून घमेली मोजली. एक सिमेंट, तीन वाळू, सहा खडी. दहा घमेली आत गेली. बाहेर आलेला माल मोजला तर साडेसहा. पुन्हा दहा आत, पुन्हा साडेसहा बाहेर. साडेतीन घमेली माल कुठे जातो? माझ्या डोळ्यांदेखत!

मी चंद्रभानला बाजूला घेतलं. हा बनारसकडचा, पंचवीस वर्षं याच धंद्यात. मी म्हणालो, साहेबांना सांगावं लागेल. तो आधी समजलाच नाही. समजल्यावर इतका हसला की डोळे पुसायला गमछा काढला. मग म्हणाला, "आओ पुंडलिकभाई, चोर दिखाता हूँ."

त्याने एक बादली खडीने काठोकाठ भरली. "भर गयी?" मी म्हणालो, भरली. त्याने तिच्यावर वाळू सोडली, बादली हलवली, वाळू आत गेली. आणखी सोडली, तीही गेली. जवळजवळ अर्धी बादली वाळू भरलेल्या बादलीत गेली आणि काठ होता तिथेच राहिला. "अब भर गयी?" मी काठाला बोट लावून बघितलं. त्याने वरून मगभर पाणी ओतलं. तेही गेलं.

"यह है आपका चोर," तो म्हणाला. "पत्थर के बीच में जो खाली जगह है ना, वही. सूखा डेढ़, गीला एक. इतना याद रखो."

मी किती वेळ त्या बादलीपाशी उकिडवा बसलो होतो कोण जाणे. भरलेलं म्हणजे भरलेलं नसतं. दगडाच्या ढिगात जवळजवळ निम्मी नुसती हवा असते, आणि मी पंचेचाळीस वर्षं ढीग बघतो आहे.

नंतर माझ्या छपरीचं गणित आठवलं.

८ मे, रविवार

साठ घनफुटांना सुका माल नव्वद लागतो. नव्वद भागिले दहा, नऊ घनफूट सिमेंट, म्हणजे सव्वासात गोणी. घरात पाच आहेत. पाच गोणींत चाळीस-एक्केचाळीस घनफूट होतं. पाव भाग नाही, चक्क तिसरा भाग कमी. परवाना सप्टेंबरपर्यंत मिळणार नाही. चंद्रभान म्हणतो वाळू-खडी वाढवून सिमेंट पातळ केलं तर खाऱ्या जमिनीत दोन वर्षांत भुगा होईल. जाडी कमी केली तर भिंत पेलणार नाही. आणि अर्धा चर भरून अर्धा ठेवला तर नवशा आंधळा नाही.

मी ठणकावून सांगितलं होतं, पाच. हिशेबाने!

लपवून उपयोग नव्हता. दोघी अंगणात होत्या, सगळं सांगितलं. बादलीचं सांगितलं. जमनाने "मी बोललीच व्हती" असं म्हणायला हवं होतं. म्हणाली नाही. त्यामुळे जास्त लागलं. मीच म्हणालो, की तू पापलेट आणि जवळ्याचं बोलली होतीस, मला कळलं नाही. मी गाढव आहे.

"ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. मग बराच वेळ जवळ्याच्या टोपलीकडे बघत राहिली. "अवो, बाजारात जवळा कमी पडला नि टोपली तं भरलेली दिसाया पायजे, तवा आमी काय करतो सांगा?"

"काय करता?"

"खाली दोन मोठे घोळ मासे ठेवतो नि वरून जवळा सोडतो. जवळा आजूबाजूला बसतो. टोपली भरते." ती हसली. "गिऱ्हाइकाला सांगू नका."

मी ताडकन उठलो. पाठीत कळ आली तरी उठलो. लहान मोठ्याच्या फटीत जाऊन नाहीसं होतं, हे चंद्रभानने दाखवलं. मग मोठंच लहानात घातलं तर तेवढी जागा ते खाईल! काँक्रीट चाळीस आहे, साठ भरायचं आहे, मग वीस घनफूट मोठे दगड त्यात बुडवायचे. सायकल काढून तसाच बोईसरला चंद्रभानच्या खोलीवर गेलो. धापा टाकत विचारलं, चालेल का?

तो म्हणाला, "बड़े-बड़े पुल की नींव में डालते हैं. साफ़ पत्थर, मीठे पानी से धुला हुआ. पत्थर को पत्थर न छुए, चारों तरफ़ माल रहे, और तीसरे हिस्से से ज़्यादा नहीं. किस इंजीनियर ने बताया?"

मी म्हणालो, माझ्या बायकोने. ती मासळी विकते.

११ मे, बुधवार

तीन दिवस दगड. किनाऱ्यावरच्या खडकांना कालवं आणि मीठ, ते बाद. जमना घरोघर सांगून आली. तानीने फुटकं जातं दिलं. कुणी घासून पातळ झालेला पाटा दिला, कुणी पडलेल्या चुलीचे धोंडे. मी पाणी भरलेल्या पिंपात एकेक दगड बुडवून, सांडलेलं पाणी डब्यात धरून माप घेतो. घासलेटचा दीड डबा पाणी सांडलं की एक घनफूट दगड झाला. कसलाही वेडावाकडा दगड असो, पाणी त्याचं माप बरोबर सांगतं. पोरंबाळं बघायला जमतात आणि मलाही थांबवत नाही.

आज सकाळी म्हातारी येसूबाई आली. तिच्या नवऱ्याची होडी तीस वर्षांपूर्वी मोडली. तिच्या नातवाच्या खांद्यावर होडीच्या नांगराचा दगड होता. मी म्हणालो, येसूआत्या, हा नको, हा दारातला. ती म्हणाली, "दारात पडून काय राखतो तो? हितं कायतरी धरून ठेवील. धरायचं काम हाय त्याचं." मग आणखी तीन घरांतून नांगर आले. मी प्रत्येक नांगर स्वतःच्या हाताने पिंपात सोडला, हळूच.

सुगंधा सगळे दगड गोड्या पाण्याने धूत होती.

एकूण भरले पावणेएकोणीस. सव्वा घनफूट कमी. होईल कसंतरी.

१२ मे, अष्टमी

चर कोरडा होता. चंद्रभान सुट्टी टाकून आला, जिवल्या आणि ठमी आली, पाड्यातली दहा-बारा माणसं आली. पत्र्यावर माल कालवायचा, घमेल्याने चरात टाकायचा, त्यात दगड ठेवायचा, भोवती माल ठोकायचा. दगड माझ्या हाताने ठेवायचे, असं चंद्रभान म्हणाला. जातं ठेवलं, पाटा ठेवला. येसूबाईचा नांगर बुडताना तिने हात जोडले. काँक्रीट त्याच्या भोकातून वर आलं, दोर ओवतात तसं.

सगळ्या पाड्याची चूल, जातं आणि होड्या माझ्या परसात एकमेकांना न शिवता एका दगडात झोपत होत्या. अणूच्या खड्ड्यापाशी जसा उभा राहिलो होतो, तसाच माझ्या दीड फुटी चरापाशी उभा राहिलो.

दुपारी तीनला माल संपला. तीन बाजू आणि चौथीचा बराचसा भाग पातळीला बांधलेल्या दोरीबरोबर भरला. समुद्राकडचा कोपरा खाली राहिला. मी टेप टाकली. सव्वा घनफूट, तंतोतंत. हिशेब या वेळी चुकला नव्हता, आणि त्याचा काडीचा उपयोग नव्हता. चंद्रभान म्हणाला, "एक बड़ा पत्थर लाओ, जल्दी, माल पकड़ रहा है." माल घट्ट होऊ लागला होता. सगळे इकडेतिकडे बघू लागले. धुतलेला दगड एकही उरला नव्हता.

सगळ्यांना तो दगड दिसत होता. कोपऱ्यापासून दोन फुटांवर. रोज गोड्या पाण्याने धुतलेला. कुणी त्याचं नाव घेतलं नाही, मीही नाही. मी म्हणालो, कुणीतरी तानीकडे धावा, बघा काही मिळतं का.

सुगंधाने घमेलं खाली ठेवलं. पदर खोचला. ती गेली आणि दगडाला दोन्ही हात लावून लोटू लागली. हलला नाही. जमना गेली. मग ठमी गेली. तिघींनी तो उलटा केला, खाली पांढरं पडलेलं गवत आणि ओली वाळू दिसली, आणि मग आणखी एकदा उलटा केला. काठावर आल्यावर सुगंधाने दोघींना हाताने मागे सारलं. एकटीने लोटला.

तो सावकाश गेला. माल त्याच्या चारी बाजूंनी वर आला आणि दोरीपाशी येऊन थांबला. दोरीला लागलासुद्धा नाही, नुसता पोचला.

चंद्रभानने डोक्यावरचा गमछा काढून हातात घेतला. त्याला काही माहीत नव्हतं तरी.

१५ मे, रविवार

मला वाटलं होतं काँक्रीट सुकलं की घट्ट होतं, मासळीसारखं. आमच्याकडे तर टिकायचं असलं की सुकवायचं, एवढंच माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तानी मदत म्हणून वरचं ओलं गोणपाट काढून पायाला ऊन दाखवत होती. चंद्रभान ओरडलाच. ते पाणी पिऊन घट्ट होतं म्हणे! सुकलं तर मरतं. पाण्याखाली सोडलं तर तिथेही दगड होतं. दहा दिवस पाणी द्या, म्हणाला.

सुगंधा देते. पहाटे अर्धा मैल चालून चार खेपा आणते आणि चारी बाजूंना घालते. शेवटचा तांब्या त्या कोपऱ्यावर.

२० मे, अवस

नवशा आला. पायावर चढला, टाचेने ठोकून बघितलं, चारी बाजू फिरला. मला वाटलं काही खोट काढतो आता. सुगंधा मधल्या चौकात उभी होती. म्हणाली, "दादा, माज्यापायी नको शोधू कुनाला. मी कुनाची वाट बगत नाय आता. ही माजी जागा हाय." नवशा पायावरून खाली उतरला. मग म्हणाला, दाराच्या चौकटीचं लाकूड मी देईन, सागाचं. जेवून गेला.

वाट बघत नाही असं ती का म्हणाली, याचा दिवसभर विचार करतो आहे.

२१ मे, शनिवार

सकाळी पाणी घालून झाल्यावर सुगंधा माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "भावजी, धा दिस झाले?"

मी बोटांवर मोजले. बारा धरून आज दहावा. म्हणालो, झाले.

"मंग आज भात ठेवते."

मला समजायला वेळ लागला. जमनाला लागला नाही, तिने आधीच केळीचं पान कापून आणलं होतं. सुगंधाने त्या कोपऱ्यावर पान मांडलं, भाताचा गोळा ठेवला, वर सुक्या बोंबलाचा तुकडा, दादूला आवडायचा तसा भाजलेला.

दोन वर्षं मी हा दहावा होऊ दिला नाही. कुणी विषय काढला की ओरडायचो. आता कावळा शिवणार नाही अशी माझी खात्री होती, आणि का शिवणार नाही तेही मला माहीत होतं. मी मनात वाक्य तयार केलं. पुढे होऊन तोंड उघडतो तोच कावळा आला. सुगंधाचा हात अजून पानावरून नीट मागे आला नव्हता. त्याने बोंबील उचलला आणि गेला, घाईत असल्यासारखा.

माझं वाक्य तोंडातच राहिलं. पण ते आता आत मावेना, मग मी तिलाच सांगितलं. लहान मुलासारखा रडत सांगितलं. लोखंडी नांगर मी आणला होता. दादूला तो नको होता, हलका वाटतो म्हणत होता. दगड कशाला आता, जमाना बदलला, असं मी त्याला हसलो होतो. त्याचा नांगर मी काढून घेतला, सुगंधा.

ती म्हणाली, "ठावं हाय मला."

"कोणी सांगितलं?"

"सगळ्या पाड्याचे धोंडे तुमी पिंपात बुडवून मापले. त्यो एक नाय मापला. धोंडे कमी पडतात म्हनून तीन दिस वनवन केलीत नि त्याच्याकडं बगितलं नाय. तवाच कळलं." मग पदराने कोपरा पुसत म्हणाली, "वावटळीत दगडाचा नांगर बी नसता टिकला, भावजी. दर्याफुडं कोन टिकतं?"

जमना आम्हा दोघांना जेवायला हाक मारत होती, पहिल्यांदा हळू आणि मग नेहमीच्या आवाजात.

दुपारी चंद्रभान पाया बघायला आला. म्हणाला, पाणी आता बंद करा. उद्या भिंत धरली तरी चालेल. मी विचारलं, घट्ट झाला का पुरता? तो म्हणाला, पुरता कधीच होत नाही. आपलं काम संपलं, आता तो आपला आपण घट्ट होत राहील, वर्षानुवर्षं, कुणी बघो न बघो.